ईश्वरीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं ईश्वरीनं सांगितलं, त्याच दिवशी ठरवलं की तुम्हांला पत्र लिहायचं, आणि ते चार लोकांना वाचता येईल असं लिहायचं. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ झालं, सरपंच बोलले, केंद्रप्रमुख बोलले. पण गेल्या वर्षी तुम्ही तिसरीच्या मुलांकडून 'माझं नाव' म्हणून जे काम करून घेतलंत, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. म्हणून मी लिहितेय.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चित्रकलेला वेगळे शिक्षक नसतात. वर्गाच्या बाईंनीच मराठी शिकवायचं, गणितही शिकवायचं आणि वेळ उरला तर चित्र काढून घ्यायचं. मग चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी आणि नदी. मीही तेच काढत मोठी झाले. तुम्ही मात्र सुरुवातीला मुलांच्या हातात कागदच दिला नाही. घरी पाठवलंत. तुझं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, घरात तुला काय म्हणून हाक मारतात, हे विचारून या म्हणालात.

त्या आठवड्यात आमच्या आळीत बारशांशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणाचं राशीचं अक्षर काय आलं होतं, पाळण्यातलं नाव कोणतं आणि हाकेचं कोणतं, नावावरून आजोबा कसे रुसले होते, सगळं निघालं. ईश्वरीची आत्या शिरवळला कंपनीत आहे. तिला हिनं फोन केला आणि माझ्या कानात नाव तू सांगितलंस ना, मग तुला पाठीत धपाटे किती बसले, असं विचारलं. आत्या अर्धा तास बोलत होती. एरवी तिचा फोन दोन मिनिटांत संपतो.

मग आला घडीचा कागद. कागद मधोमध दुमडायचा, घडीला लागून नाव लिहायचं, अक्षरांच्या कडेनं कापायचं आणि उलगडायचं. नावाचं दोन्ही बाजूंनी सारखं चित्र होतं, त्याला डोळे-पाय काढले की किडा, पाखरू, राक्षस, जे दिसेल ते. तुम्ही शिरोरेषाच घडीवर घ्यायला सांगितलीत, म्हणजे अक्षरं तिला लोंबकळतात आणि कापताना सुटी होत नाहीत. ज्यांच्या नावात नुसती अक्षरं आणि काने, त्यांचं लगेच जमलं. ईश्वरी रडत घरी आली. 'ई'चा वरचा फाटा आणि 'री'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, आणि वर तर घडी. तिचं अर्धं नावच कागदात मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वेलांटी, मात्रा, अनुस्वार असलेल्या सगळ्यांना एकत्र बसवलंत आणि यावर काय करता येईल हे त्यांनाच विचारलंत. एका मुलानं शोधलं की शिरोरेषा घडीपासून बोटभर खाली घ्यायची आणि वेलांटीचा माथा घडीला टेकवायचा, म्हणजे दोन्ही बाजू वेलांटीनं जोडलेल्या राहतात. ईश्वरीचा खेकडा झाला, दोन नांग्या वर काढलेला. तो अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. मी शिवणकाम करते, कापड दुमडून कापणं हा माझा रोजचा धंदा. पण आपलीच अक्षरं अशी कधी पाहिली नव्हती.

आडनाव कुणीही लिहायचं नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. मुलांना कारण सांगितलं नाहीत. आम्हां मोठ्यांना ते सांगावं लागत नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरचा माणूस मनात घर, आळी, जात सगळं मांडून मोकळा होतो. महिनाभर त्या वर्गाच्या भिंतीवर नुसती मुलं होती. याबद्दल माझ्या मनात तुमच्याविषयी फार आदर आहे बाई, कारण एका पालकानं त्यावरून तुम्हांला सुनावलं होतं, हे मला माहीत आहे.

नंतर घरातल्या एका मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं होतं. मोठी अक्षरं काढायची आणि त्या माणसाच्या आवडीच्या, कामाच्या वस्तूंनी भरायची. वर्गातल्या एका मुलीच्या आजीचं नाव नकुसा. आपल्या सातारा जिल्ह्यात हे नाव कुणाला समजावून सांगायला नको. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. पण म्हाताऱ्या बायकांना कोण विचारणार? त्या मुलीनं तुमच्या कानात सांगितलं की मला आजीचं नाव लिहायचं नाही, पण आजीच हवी आहे. तुम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलात. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. शनिवारी आजी स्वतः शाळेत आल्या, पदरात वाघ्या घेवडा बांधून. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यांच्या दृष्टीनं तो फक्त त्यांनी जन्मभर पेरलेला, काढलेला, निवडलेला घेवडा. तीन अक्षरं त्यांनी नातीबरोबर बसून, पट्ट्यापट्ट्यांचा एकेक दाणा खळीनं चिकटवत भरली. नाव बदलायचं का, असं कुणी तरी त्यांना विचारलं. "आता हेच माझं," म्हणाल्या आणि पुढचा दाणा लावला.

ईश्वरीनं मला निवडलं होतं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की मला दोन नावं आहेत. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं 'गौरी' लिहिलं गेलं, त्याआधी मी वैशाली होते. दहावीचं प्रमाणपत्र वैशालीचं, आधार कार्ड गौरीचं. बचत गटाच्या कर्जाच्या वेळी या दोन नावांपायी मी किती हेलपाटे घातले ते तुम्हांला ठाऊक आहे. पण ते कागदांचं दुखणं. हे वेगळं होतं. ती विचारत होती, "आई, तुला कुठलं आवडतं?" आणि हा प्रश्न मला सासरी-माहेरी आजवर कुणी विचारला नव्हता. मी काहीच उत्तर दिलं नाही. तुम्ही तिला म्हणालात, आई सांगेपर्यंत थांब, घाई नाही. बाकीच्या मुलांची चित्रं पूर्ण झाली तरी तुम्ही तिचा कागद तसाच कोरा ठेवलात. मला वाटतं, या पत्रातले सगळ्यांत मोठे आभार त्या कोऱ्या कागदाचे आहेत.

शेवटी आम्ही दोघींनी मिळून दोन्ही नावं केली. वैशाली माझ्या आईच्या जुन्या इरकलीच्या तुकड्यांची, गौरी ब्लाऊजपीसच्या चिंध्यांची. आता १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आईचं नाव लागतं. ईश्वरी त्याआधीची, तिच्या दाखल्यावरच्या नावात मी नाही. पण तिच्या चित्राखाली तिनं लिहिलंय: ईश्वरी वैशाली गौरी. तुम्ही त्यात एकही दुरुस्ती केली नाहीत.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. कोपीवरची, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतली, एक मुलगी तुमच्या वर्गात आली, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जाणार होती. तोवर सगळ्यांची नावं सुतळीवर लागली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांब शिरोरेषा. तुम्ही तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलंत, घरच्या प्रश्नांसकट. ती गेल्यावरही तिचं नाव काढलं नाहीत. ईश्वरी सांगते की वर्गात हजेरी घेताना मुलं अजून तिच्या नावाला "गावी" म्हणून ओरडतात.

बाई, तुम्ही यातलं काही मोठं केलं असं कधी दाखवलं नाहीत. तैलखड्यांचे डबे तुमच्या पगारातून आले, तेही आम्हांला उशिरा कळलं. तुमच्यामुळे माझी मुलगी माणसाला नाव विचारताना थांबून ऐकते. तुमच्यामुळे माझ्या सासूबाई परवा मला म्हणाल्या, "तुला वैशाली म्हणू का गं मी?" मी हो म्हटलं.

नव्या शाळेत हे काम पुन्हा करणार असाल, करालच, तर कापडाची काळजी करू नका. चिंध्या मी रंगवार वेगळ्या करून ठेवतेय, एक पोतं भरत आलंय. निरोप द्या, एसटीनं पाठवते.

आपली,
ईश्वरीची आई
वैशाली ऊर्फ गौरी