प्रिय पम्या, खरा मृग डिसेंबरात दिसतो

कोरेगाव, जि. सातारा
१५ डिसेंबर, मध्यरात्र

प्रिय पम्या,

तुझा मेसेज वाचला, 'पावणेचारला दिवस संपतो लका, डोकं फिरायची वेळ आलीय'. फोन केला असता पण म्हणलं सविस्तरच लिहावं, कारण या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची आहे, गव्हाला दारं धरायला आलोय आणि एक वाफा भरेस्तोवर बांधावर बसून करायचं काय. बोटं गारठल्यात, टायपिंगच्या चुका समजून घे.

आधी तुझ्या अंधाराचं बघू. २१ डिसेंबरला एडिंबराला दिवस जेमतेम सात तासांचा, आपल्याकडं अकरा तासांचा. पण गंमत अशी की तुझ्याकडं सूर्य ३:४० ला मावळला तरी पुरता काळोख व्हायला सहा वाजतात, कारण तिथं तो क्षितिजाला घासत तिरपा तिरपा खाली जातो. इथं सहाला मावळला की विहिरीत धोंडा टाकल्यासारखा सरळ खाली, साडेसातच्या आत सगळं काळंकुट्ट. म्हणजे चांदण्या बघायच्या हिशोबानं तू माझ्या तास-सव्वा तासच पुढं आहेस, उगाच रडू नको.

आणि थंडी पडली म्हणजे सूर्य लांब गेला असं आपण शाळेत ठोकून द्यायचो ना, ते सपशेल चूक. जानेवारीच्या सुरवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ. खेळ सगळा पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशाच्या कलण्याचा.

आई म्हणते संक्रांतीपासनं दिवस तिळातिळानं वाढतो. मी शहाणपणा करायला गेलो, म्हणलं अगं सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, तिथनंच वाढायला लागतो. मग सूर्योदयाच्या वेळा काढून बघितल्या आणि गप बसलो. आपल्याकडं संध्याकाळ नोव्हेंबरच्या शेवटीच सगळ्यात लवकर होते आणि तिथनं पुढं सरकायला लागते, पण सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच होत जाते, पार सात वाजून गेल्यावर सूर्य. डेअरीला दूध घालायला अंधारात जाणाऱ्या बाईला दिवस संक्रांतीनंतरच वाढलेला दिसणार की.

पण खरं सांगायचं होतं ते मृगाचं. आपल्या डोक्यात मृग म्हणजे ७ जून, पेरणी, तो लाल मखमली किडा. तात्या अंगणात उभं राहून 'मृग निघाला' म्हणायचे तेव्हा मला वाटायचं वर आकाशात कायतरी निघालंय. एकदा जूनमध्ये ढग नव्हते तर रात्री तासभर माळावर पडून शोधला, सापडंना. आता कळतंय, मृग निघाला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जाऊन बसला. सूर्याच्या मांडीवर बसलेला दिसणार कुठनं, तो दिवसा उगवून दिवसाच मावळणार! सहा महिन्यांनी पृथ्वी फिरून पलीकडं आली की सगळं उलट, सूर्य मावळला की हा पूर्वेला वर येतो आणि रात्रभर मुक्कामाला. आपली आख्खी शेती ज्याच्या नावावर चालते तो प्रत्यक्षात बघायचा तर असं हिवाळ्यात कुडकुडत यावं लागतं.

आत्ता बरोबर डोक्यावर आलाय. चार पायांचे चार तारे, मधे ओळीनं तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण, त्याच रेषेत खाली आलं की बाण मारणारा व्याध, असला लखलखतोय की बॅटरी बंद करून बसलोय. (बॅटरी खरं तर चालू ठेवायला पायजे, खालच्या उसात बिबट्या दिसला म्हणतात.) चार पायांतला तांबूस तारा, काक्षी, ती पण ठीक आहे. २०१९ च्या डिसेंबरात ती एवढी मंद झाली होती की लोक म्हणायला लागले आता फुटतीय. निघालं काय तर तिनंच बाहेर टाकलेल्या धुळीचा ढग मधे आडवा आला होता, गुऱ्हाळाच्या धुरात गुऱ्हाळच दिसू नये तसं.

पश्चिमेला साताऱ्याच्या लाईटींचा पिवळा उजेड दरवर्षी वाढतोय, त्यात आता देवळावर फोकस बसवलाय, कुणाला बोलायची सोय नाही. दक्षिण तेवढी अजून शाबूत. तिथं उसाच्या शेंड्यांच्या वर अगस्त्य दिसतोय, व्याधानंतरचा सगळ्यात ठळक तारा, आपल्याकडं जास्तीत जास्त वीसेक अंश वर येतो. तुला तो तिथनं जन्मात दिसायचा नाही, तुमच्या क्षितिजावर येतच नाही. जळ थोडा.

मृग मात्र दोघांचा. माझ्या डोक्यावर, तुझ्याकडं फार तर समोरच्या बिल्डिंगीच्या वर. आणि जूनमध्ये दोघांचंही नुकसान सारखंच, माझ्याकडं पावसाचे ढग, तुझ्याकडं रात्रभर पुरता अंधारच होत नाही. जे काय बघायचं ते आताच.

इथं एक वाजलाय, म्हणजे तुझ्याकडं साडेसात. तुझी किचनची खिडकी पूर्वेला आहे ना? ढग नसले तर लाईट घालवून बघ, आत्ता वर येत असंल, बाण शोध. दिसला तर लगेच मेसेज टाक, मी अडीचपर्यंत इथंच आहे.

थांब, पाण्याचा आवाज बदललाय, वाफा फुटला वाटतं.

तुझा,
बंड्या