घोसरीच्या लढाईचा दिवस कोरडा जाऊ नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्रजांविरुद्ध लढलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांची जयंती १२ मार्चला आणि शहीद दिन २१ ऑक्टोबरला. दोन्ही दिवशी आपल्या दैनिकात ठळक बातमी असते, याचं समाधान आहे. चंद्रपूरच्या तुरुंगातल्या ज्या पिंपळावर १८५८ साली त्यांना फाशी दिलं, त्याच्यापुढे मीही दरवर्षी हात जोडतो. पण जयंतीच्या दुसऱ्या दिवसाचं, १३ मार्च १८५८ ला जिंकलेल्या घोसरीच्या लढाईचं, नाव कोणी काढत नाही. मला ते फार लागतं.

लढाईच्या आदल्या दिवशी बाबूरावांना पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने आठवड्यापूर्वीच राजगड परगणा ताब्यात घेतला होता. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने फौज धाडली. नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली आणि गोंड, माडिया, रोहिल्यांनी मिळून त्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांची बरीच माणसं पडली. पुढे २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्यानंतरच क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारणीला जमीनदारी जप्त करण्याचा धाक घातला आणि तिने बाबूरावांना पकडून दिलं. ती फितुरी आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. जिंकलेली लढाई विचारा, सगळे गप्प!

मार्चच्या मध्यावर आमच्याकडे मोह गळायला लागतो. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि गुरंही येतात. जंगलातल्या घराला ही वेचणी म्हणजे पुढच्या कितीतरी महिन्यांचा आधार. ऐन त्या दिवसांत घरचा मोह सोडून माणसं घोसरीकडे निघाली असतील. त्यांच्यापैकी परत किती आले, मोह कोणी वेचला, हे मनात आलं की मला पुढे वाचवत नाही.

माझी विनंती साधी आहे. १२ तारखेला पुतळ्याला हार घातल्यावर १३ ला आसपासच्या शाळांनी सातवी-आठवीची मुलं घोसरीला न्यावीत. एस.टी.ची एक गाडी पुरे. तिथल्या म्हाताऱ्यांना बोलतं करावं, ते सांगतील ते वहीत उतरवून घ्यावं. आणि आपण येत्या १३ मार्चच्या अंकात या लढाईला अर्धं पान द्यावं. मुलांच्या वह्या तुमच्या कार्यालयात पोहोचवायचं काम माझ्याकडे.

– एक निवृत्त शिक्षक, मूल (जि. चंद्रपूर)