होस्टिंग घेताय? आधी मोजून तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरगुती उद्योगवाल्यांनी वेबसाईट कशी सुरू करावी यावर लेख आला होता, लेख चांगलाच होता, पण होस्टिंगचा (म्हणजे वेबसाईट ठेवायला कंपनीच्या सर्वरवर भाड्याने घ्यायच्या जागेचा) विषय एका ओळीत उरकलाय, स्वस्तातलं आणि 99.9 टक्के अपटाईम, म्हणजे तेवढा वेळ साईट चालू राहील अशी हमी, देणारं घ्या म्हणून. मी सांगलीत हळद, बेदाणा, मसाले विकणाऱ्या छोट्या लोकांच्या वेबसाईट करून देतो, आणि नेमक्या याच ओळीवर विश्वास ठेवून तीन तीन वर्षांचे पैसे एकदम भरून बसलेले लोक माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा.

आधी ते 99.9 बघू. 30 दिवसांच्या महिन्यात 0.1 टक्का म्हणजे 43 मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास. एवढा वेळ साईट बंद पडली तरी कंपनीने शब्द पाळला असंच धरतात. बरं ही मिनिटं कधी जाणार ते आपल्या हातात नाही, रात्री 3 ला गेली तर कोणाला पत्ता पण लागणार नाही, पण दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी गेली की संपलं. वर बहुतेक करारात आधी कळवून केलेला मेंटेनन्स यात धरतच नाहीत, आणि भरपाई म्हणजे काय, तर त्या महिन्याच्या भाड्यातला काही हिस्सा पुढच्या बिलात वळता, तोही तुम्ही स्वतः तक्रार नोंदवून मागितलात तर. महिना दीडशे रुपये भाड्यातला हिस्सा तो केवढा असणार! आणि सर्वर चालू आहे म्हणजे साईट पटकन उघडते असं कुठे आहे? पान 12 सेकंदांनी आलं तरी त्यांच्या हिशोबात साईट चालूच असते.

म्हणून वेग स्वतः मोजायचा. इथे लोक एक गंमत करतात, होस्टिंग कंपनीची स्वतःचीच वेबसाईट वेग मोजणाऱ्या टेस्टला टाकतात आणि म्हणतात वा काय फास्ट आहे. अहो, ती क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनच्या (पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून जवळून देणाऱ्या सेवेच्या) मागे नाहीतर वेगळ्या दणकट मशीनवर असते, तुम्हाला मिळणार शेकडो साईट कोंबलेला शेअर्ड सर्वर, दोघांचा संबंध काय? सेल्सवाल्याला सरळ सांगा, मी घेणार त्याच प्लॅनवर चालणारी एखादी डेमो साईट दाखवा, किंवा जिथे ते सर्वर ठेवलेत त्या डेटासेंटरचा टेस्ट आयपी, म्हणजे वेग मोजून बघायला पत्ता, द्या. चांगले लोक देतात. आढेवेढे घेतले तर काय समजायचं ते समजून जा.

दुसरं म्हणजे सर्वर कुठल्या गावात आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेतच साडेबारा हजारांच्या आसपास, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच 125 मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात 200 च्या वरच धरा. नवीन माणूस पान उघडतो तेव्हा कनेक्शन जोडणं, मग ती कुलूपवाली सुरक्षित जोडणी, मग पानाची मागणी अशा किमान तीन फेऱ्या होतात, सर्वरने काम सुरू करायच्या आधीच अर्धा सेकंद गेला. गूगलच्या हिशोबात पहिला बाइट, म्हणजे सर्वरच्या उत्तराचा पहिला तुकडा, 0.8 सेकंदाच्या आत आला तर चांगलं, मग आता उरलं किती? सर्वर भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत मायक्रोसॉफ्टचं अझूर 2015 पासून पुण्यात आहे, ॲमेझॉन 2016 पासून आणि गूगल क्लाउड 2017 पासून मुंबईत, तेव्हा इथे जागा मिळत नाही असं काही नाही. पैसे भरायच्या पानावर लोकेशन कुठलं आहे तेवढं बघा, बऱ्याच ठिकाणी आधीपासून अमेरिका निवडलेली असते आणि आपण पुढे पुढे करत जातो. (तुमचा फराळ न्यू जर्सीला जात असेल तर गोष्ट उलटी, गिऱ्हाईक जिथे बसलंय तिथून मोजायचं.)

आता मुख्य मुद्दा. होमपेज मोजून काहीही कळत नाही. कॅशिंगचं प्लगिन टाकलं की होमपेज कुठल्याही फालतू होस्टिंगवर पळतं, कारण तयार करून ठेवलेलं पानच द्यायचं असतं. कार्ट आणि पेमेंटच्या पानांचं तसं नाही, ती प्रत्येक माणसासाठी वेगळी, म्हणजे दर वेळी पीएचपी (सर्वरवर पान तयार करणारा प्रोग्राम) आणि डेटाबेस दोघांना राबावं लागतं आणि सर्वरचा जीव किती ते तिथेच दिसतं. आमच्या एका मसालेवाल्या ताईंच्या जुन्या होस्टिंगवर होमपेज झटकन यायचं, पण संध्याकाळी कार्टवर ते चक्र फिरतच राहायचं, गिऱ्हाईक परत बटण दाबायचं, दोन ऑर्डर पडायच्या, मग ताई फोन करून विचारत बसायच्या की दोन किलो हवंय का चुकून झालं. तेव्हा ट्रायलवर तुमचीच थीम, तुमचेच 20-25 प्रॉडक्ट टाका, ते कॅशिंगचं प्लगिन बंद करा आणि कार्टपर्यंत जाऊन बघा, सकाळी 11 ला आणि रात्री 8 ते 10 मध्ये पण. अपटाईमरोबॉटसारखी, साईट चालू आहे का ते दर काही मिनिटांनी आपोआप तपासणारी सेवा दोन आठवडे लावून ठेवा. सरासरी आकडा बघू नका, सगळ्यात वाईट आकडे कुठल्या वेळेला आलेत ते बघा.

आणि अनलिमिटेड या प्रकाराला भुलू नका. जागा अनलिमिटेड म्हणतात पण फाईलच्या संख्येला मर्यादा, सीपीयूला मर्यादा, एका वेळी किती प्रोसेस चालतील त्याला मर्यादा. ही प्रोसेसची मर्यादा ओलांडली की बऱ्याच ठिकाणी 508 नंबरचा एरर येतो, रिसोर्स लिमिट संपली म्हणून, आणि तो नेमका गर्दीच्या वेळीच येणार ना. एका कंपनीच्या चॅटवर रात्री साडेदहाला विचारलं, या प्लॅनवर एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतात, तर समोरचा म्हणे सर आमचा प्लॅन अनलिमिटेड आहे. परत तेच विचारलं तर प्लॅन विकत घ्यायची लिंक पाठवली. घ्यायच्या आधी सपोर्टला असा एक नेमका प्रश्न आडवेळेला विचाराच. गर्दीने काय होतं ते 16 जुलै 2021 ला दहावीच्या निकालाला अख्ख्या महाराष्ट्राने बघितलंय, 16 लाखांच्या आसपास मुलं आणि तासन्‌तास साईट उघडेना. आपलं तेवढं नसतं, पण जाहिरात केली की एकदम 50 माणसं येतात, तेवढी तरी पेलायला हवीत. फक्त शेअर्ड सर्वरवर न विचारता लोड टेस्ट (खोटी गर्दी पाठवून बघणं) मारू नका, अकाउंट बंद करतात आणि शेजारच्या साईटवाल्यांना उगाच त्रास.

रिव्ह्यूंचं काय बोलायचं, टॉप टेनच्या बहुतेक याद्यांमध्ये लिंकवरून विक्री झाली की कमिशन असतं. शिवाय दहा नावं दिसतात ती दहा कंपन्यांची असतीलच असं नाही. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर एकाच घरातले, मुंबईच्या डिरेक्टीचं बिगरॉक पण 2014 मध्ये त्याच घरात गेलं. 2 ऑगस्ट 2013 ला अमेरिकेतल्या युटा राज्यातलं एक डेटासेंटर बंद पडलं तेव्हा या घरातली अनेक नावं एकदमच बंद होती. म्हणून एक सोडून दुसरं घेताना मालक कोण ते बघा. आणि बॅकअप कुठे ठेवतात ते लेखी विचारा, 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटासेंटर जळालं तेव्हा ज्यांचा बॅकअप तिथेच होता त्यांचं सगळंच गेलं.

पैशाचं थोडक्यात. पहिलं वर्ष स्वस्त, रिन्यूअलला दुप्पट तिप्पट, वर 18 टक्के जीएसटी. आधी महिन्याचा प्लॅन घ्या, महाग पडला तरी. डोमेन (साईटचं नाव) वेगळीकडे घ्या, कारण पैसे परतच्या स्कीममध्ये डोमेनचे सहसा परत मिळत नाहीत. कार्टमध्ये आपोआप टिक झालेली जादा सर्व्हिस दिसली तर काढून टाका, असं न विचारता माल घुसडणं केंद्राच्या नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नच्या नियमावलीत नाव घेऊन बंद केलंय.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा रिन्यूअलचा दर, सर्वर कुठल्या शहरात, आणि कार्टचं पान रात्री 9 ला किती सेकंदात उघडलं, हे तीन रकाने टाका. आणि त्याच पुरवणीत त्या कंपनीची जाहिरात असेल तर तेही तिथेच खाली लिहा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सांगली