पातोडीचं पाणी

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, पातोडी थापलीच गेली नाही, ताटात पिठल्यासारखी पसरली. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. तू वाचून दाखवलेलं माप, एक कप बेसन अन् 400 मिली पाणी, अगदी बरोबर आहे. पण बेसन चहाच्या कपानं मोजलंस ना? त्यात जेमतेम सव्वाशे मिली मावतं. कृतीतला कप 240 मिलीचा. पाणी तू बाटलीवरच्या रेघेनं पक्कं घेतलंस अन् बेसन पडलं निम्मं. मग ती थिजणार कशी?

सगळंच कपात दिलं असेल तर कोणतीही एक वाटी धर, चालतं. मिली आणि कप एकत्र आले की मात्र मिलीला 240 नं भाग. काही कपांवर 250 लिहिलेलं असतं, तेवढ्यानं आपल्या सयपाकात काही बिघडत नाही. अमेरिकेतला कप 237 च्या आसपास. हे आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग हा तं आपला पावशेरच!" खरंच की. जुना शेर 933 ग्रॅमचा, त्याचा पाव 233, आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली. पण हे पाण्यापुरतंच हं. तेलाच्या लिटरच्या पुड्यावर 910 ग्रॅम असतं, आणि कपभर बेसन तर शंभर-सव्वाशे ग्रॅमच भरतं.

आज सकाळी बाबा दूध घालून आल्यावर त्यांचं अर्ध्या लिटरचं माप धुऊन घेतलं, पाण्यानं भरलं आणि तुझ्या त्या चेप गेलेल्या वाटीत ओतत गेले. तीन वाट्या काठोकाठ भरल्या, चौथीत बूड झाकण्यापुरतं उरलं. दोनदा करून पाहिलं. म्हणजे वाटी 160 मिलीची. दीड वाटी म्हणजे तुझा कप, आणि 400 मिली म्हणजे अडीच वाट्या.

मामा शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याजवळ वाटी देते. बेसन दीड वाटी, पाणी अडीच. फोडणीतलं पाणी खळखळू दे, मग एका हातानं बेसन सोडत दुसऱ्यानं घोट, गुठळी राहू देऊ नको. झाकण ठेवून चांगली वाफ येऊ दे. ताटाला तेलाचा हात फिरवून गरम असतानाच थाप, वरून खोबरं आणि सांबार. तिकडे दुकानात कोथिंबीर म्हणून माग.

रस्स्यासाठी तिखट डबीत भरून पाठवते.

तुझी,
आई