रेड कार्पेटवरच्या गाऊनमध्ये चालता यावं

संपादक महोदय,

इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रेड कार्पेटवर नावीन्य म्हणजे गाऊनला मागे लांब शेपूट, असाच समज दिसतो. मागचा घेर उचलून धरायला आतून अडकवायचा फास (लूप) नसेल, तर तो पायऱ्यांवर टाचेखाली येतोच. माप सँडल घालूनच घ्यावं आणि पुढची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर ठेवावी. बिनखांद्याच्या गाऊनचा भार कमरेवरच्या आतल्या घट्ट पट्टीने पेलायचा असतो; ती नसली की बाई फोटोभर गाऊन वर ओढत राहते. पणजीच्या दमट हवेत पॉलिएस्टरचं अस्तर अंगाला चिकटतं, सुती मलमल बरी. आणि वेगळेपणच हवं, तर गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा पुढे आणलेली, गोव्यातल्या कुणबी समाजाची चौकड्यांची कुणबी साडी आहे की! फक्त त्या कापडाचा गाऊन शिवायचा, तर शिवणीवर चौकडी जुळवायला कापड जास्त घ्यावं लागतं.

– एक वाचक, म्हापसा