कळा सोसणारीला विचारा

महोदय,

पहिल्या बाळंतपणात मी १६ तास कळा सोसल्या. लांब श्वास आणि नणंदेने कमरेवर दाबून धरलेली मूठ, एवढ्यावर निभावलं. दुसऱ्या खेपेला गर्भाशयाचं तोंड ६ सेंटिमीटर उघडल्यावर मीच एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारं पाठीच्या कण्याजवळ दिलं जाणारं औषध, मागितलं, तर ‘एवढंही सोसवत नाही?’ हे ऐकावं लागलं. ते अजून सलतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत मागणाऱ्या निरोगी स्त्रीला एपिड्युरल आहे, तसंच मालिश, गरम शेक आणि सोबतीला आपलं माणूसही. एपिड्युरलने रक्तदाब उतरू शकतो, जोर लावण्याचा टप्पा लांबू शकतो, हेही सातव्या-आठव्या महिन्यातच समजावून सांगावं. ऐन कळांत कागद पुढे करून सही घेण्याला काय अर्थ?

– दोन मुलांची आई