ब्युरेटवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

उद्यमनगरातल्या तुमच्या शेडमधून नेलेलं इंजिनाचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, बसवलं. जिप्सी आता भर उन्हात घाट चढतेय आणि नॉकिंगचं, म्हणजे इंजिनातल्या ठकठकीचं, नाव नाही. फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणाला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

हेड फेस करून (घासून सपाट करून) देणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की कॉम्प्रेशन गेजवर १६० पीएसआय दाब आला, भागिले हवेचा नेहमीचा दाब १४.७, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) जवळजवळ अकरा. फार झाला, तो उतरवायला हेडखाली डबल गॅस्केट (सीलची पातळ चकती) टाका. तुम्ही नुसते हसलात. गेजचा आकडा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), बॅटरी आणि थ्रॉटल किती उघडा आहे त्यावर हलतो, शिवाय दाबताना हवा तापते. त्या भागाकारातून रेशो निघतच नाही, हे तुम्ही चहा येईपर्यंत समजावलंत. मग म्हणालात, "जागा मोज."

बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ७४ मिलिमीटरचा ७४.५ झालेला; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मूळचाच ७५.५. एका सिलेंडरचे ३२९.१ सीसी कुणीही कॅल्क्युलेटरवर काढेल. खरी गोम पिस्टन वर आल्यावर उरणाऱ्या जागेत. हेड उलटं, थोडं तिरकं ठेवून प्लग आवळलात, व्हॉल्व्हच्या कडेला ग्रीस, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, लाल तेल घातलेलं रॉकेल सोडताना शेवटचा बुडबुडा भोकाकडे येईपर्यंत तुमचा श्वासही हलला नाही. २७.२ सीसी. तिसऱ्या सिलेंडरवरच्या खळग्यात, चेंबरमध्ये, मात्र २७.९! मी एकच मोजून मोकळा होणार होतो, तुम्ही चारही मोजायला लावलेत.

पिस्टनच्या माथ्यावरची खळगी मोजायची तुमची रीत तर मला फारच आवडली. डायल गेज लावून पिस्टन बरोबर १० मिलिमीटर खाली घेतला, रिंगच्या फटीत ग्रीस भरलं. हिशेबाने ४३.६ सीसी बसायला हवं, बसलं ४६.६. म्हणजे खळगी ३ सीसीची. टीडीसीला, म्हणजे अगदी वर आल्यावरही, पिस्टन ०.३ मिलिमीटर खाली राहतो, त्याचे १.३. गॅस्केट तुम्ही नवी नव्हे, दाबली गेलेली जुनी मोजलीत: जाडी १.२, आणि भोक बोअरपेक्षा मोठं, ७५.५. तिचे ५.४.

बेरीज ३६.९. त्यात ३२९.१ मिळवून पुन्हा ३६.९ ने भागलं, तर ९.९. तिसऱ्या सिलेंडरला ९.७५. अकरा नव्हेच! डबल गॅस्केटचा खर्च वाचला, ठिणगीचं टायमिंगही भीतीपोटी मागे घ्यावं लागलं नाही. पैसे विचारले तर तुम्ही रॉकेलचे तेवढे घेतलेत, हे मला अजून पटलेलं नाही.

आता मित्राच्या मारुती ८०० चं हेड घेऊन येतोय. बोअर ६८.५, स्ट्रोक ७२, एका सिलेंडरचे २६५.३ सीसी काढून ठेवलेत. गॅस्केट जुनीच आणायची ना?

तुमचा,
जिप्सीवाला